नागनदीच्या खोऱ्यातील जुने रहिवासी

नागपूरच्या पश्चिमेकडील ज्या टेकडीला सेंट चार्ल्स सेमिनरीमुळे 'सेमिनरी हिल्स' हे नाव मिळाले, तेथेच वनखात्याने २०१५ साली जखमी वन्यप्राण्यांसाठी एक उपचार केंद्र उघडले. पक्षी, माकडे, साप यांच्याबरोबर तेथे कासवेही येतात. या मुक्या पाहुण्याचा आपल्या भूमीशी असलेला संबंध किती पुरातन आहे, याची मात्र आपल्यापैकी थोड्यांनाच कल्पना असते.

चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळ पिसदुरा नावाचे गाव आहे. तेथील लाल मातीत डायनासोरच्या हाडांसमवेत गोड्या पाण्यातील कासवांचे जीवाश्म सापडले. त्यांपैकी एका जातीचे वर्णन १९७७ साली सोहनलाल जैन या शास्त्रज्ञाने केले, आणि तिच्या नावात पिसदुऱ्याचे नाव गुंफले. हे अवशेष साडेसहा कोटी वर्षांहूनही जुने आहेत. ती जात नामशेष झाली आणि डायनासोरही गेले. परंतु कासवाचे कुळ त्या महासंकटातून तरले.

आज विदर्भातील तलावांत व भातखाचरांत एक लहान मृदुकवची कासव आढळते. त्याच्या पोटाकडील कवचाला मागच्या बाजूस झडपा असतात. पाय आत ओढून घेतले की त्या मिटतात. तळे आटले की ते चिखलात स्वतःस गाडून घेते व पावसाची वाट पाहते. मेलेले मासे व कुजका पाला खाऊन ते पाणी स्वच्छ ठेवण्यास हातभार लावते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत त्याचा समावेश आहे. अर्थात ते पकडणे, विकणे वा शुभशकुन म्हणून घरात पाळणे हा गुन्हा ठरतो.

त्याच्या थोरल्या भावंडाची कहाणी अधिक दुःखद आहे. 'लीथचे मृदुकवची कासव' हे दक्षिण भारतीय द्वीपकल्पातील नद्यांव्यतिरिक्त जगात कोठेही नाही. मुंबईतील डॉक्टर अँड्र्यू लीथ यांचे नाव त्याला १८७२ साली देण्यात आले. मांसासाठी झालेली बेसुमार शिकार व चोरटा व्यापार यांमुळे अवघ्या तीस वर्षांत त्याची संख्या नव्वद टक्क्यांनी घटली असावी, असा अंदाज आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये पनामा येथील आंतरराष्ट्रीय परिषदेत भारताच्या प्रस्तावावरून त्याच्या व्यापारावर कडक बंदी आली. कोट्यवधी वर्षे टिकलेल्या कुळातील एका जातीला आपल्या एका पिढीने काठावर आणून ठेवले आहे!

मग कायदा पुरेसा नाही काय? या प्रश्नाचे उत्तर कोकणात सापडते. रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास येथे समुद्री कासवे अंडी घालण्यासाठी येत. ती अंडी माणसे उकरून नेत, कोल्हे-कुत्रीही फस्त करीत. २००२ पासून चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र' या संस्थेने ग्रामस्थांच्या साहाय्याने घरट्यांचे रक्षण आरंभिले. २००६ साली तेथे कासव महोत्सव सुरू झाला; पाहुणे गावकऱ्यांच्या घरी उतरू लागले आणि कासवाबरोबर गावाचाही चरितार्थ चालू लागला. कायदा तर पूर्वीही होता. बदलले ते गावाचे मन.

आमची नागनदी मात्र अजून वाट पाहत आहे. शहराचे सांडपाणी तिच्यातून कन्हानला, तेथून वैनगंगेला आणि पुढे गोसीखुर्दच्या जलाशयाला मिळते. वैनगंगेचे पाणी प्राणहितेवाटे गोदावरीत जाते. म्हणजे नागपूरच्या घरातील मोरीचा संबंध थेट गोदेच्या खोऱ्यातील जीवसृष्टीशी पोहोचतो. टेकडीवरच्या केंद्रात बरे झालेले कासव सोडायचे झाले, तर सोडायचे कोणत्या पाण्यात? जखम भरणे हे वैद्याचे काम असेल. परंतु बरे झालेल्या जिवाला परतण्यासाठी घर राखणे हे तुमचे आणि माझे काम आहे.