पिंजाऱ्याची तात आणि विरघळणारा स्क्रू

यवतमाळ हा कापसाचा जिल्हा. पिंजाऱ्याची कमान आणि तिची तात आमच्याकडच्या जुन्या माणसांना समजावून सांगावी लागत नाही. ही तात जनावराच्या आतड्यापासून वळलेली असे. आज संधिवाताने वाकड्या झालेल्या पावलात जो विरघळणारा स्क्रू बसवता येतो, त्याचा इतिहास या आतड्याच्या धाग्यापासून सांगता येतो.

पोटात टाका घातला, तर जखम भरल्यावर धागा काढायचा कसा? सुश्रुतसंहितेत एक युक्ती आहे. फाटलेल्या आतड्याच्या कडा जुळवून त्यांना मोठे मुंगळे चाववायचे आणि डोकी तशीच ठेवून धड तोडायचे. आठव्या शतकात बगदादमध्ये यह्या बर्मकी यांच्या आज्ञेवरून मनका या हिंदी वैद्याने सुश्रुत अरबीत नेला, अशी नोंद इब्न नदीम यांच्या ‘फिहरिस्त’मध्ये आहे. पुढे अंदलुसमधले जर्राह अबुल कासिम जहरावी यांनी ‘किताब अल-तसरीफ’च्या ३०व्या भागात मुंग्यांची रीत सांगितली आणि जनावराच्या आतड्यातून काढलेल्या बारीक धाग्याने शिवण्याचीही. असा धागा शरीर हळूहळू जिरवून टाकते.

‘हे सगळे आमच्याच लोकांनी शोधले’ असे संदेश दोन्हीकडून फिरतात. पण आतड्याचा धागा जहरावींच्या कित्येक शतके आधी ग्रीक वैद्य गॅलेनलाही ठाऊक होता. जहरावींचा मोठेपणा पहिले असण्यात नाही. त्यांनी हाताने केलेले काम हत्यारांच्या चित्रांसह लिहून ठेवले, आणि बाराव्या शतकात तोलेदोत त्याचे लॅटिन भाषांतर होऊन युरोप त्यावर शिकला.

१८६०च्या दशकात लिस्टरने हा धागा कार्बोलिक आम्लाने जंतुमुक्त केला. विसाव्या शतकात आतड्याच्या जागी पॉलिग्लायकोलिक आम्लाचा कृत्रिम धागा आला. शरीरातल्या पाण्याने तो तुटत जातो. १९८४ साली हेलसिंकीत पेन्टी रोक्कानेन आणि सहकाऱ्यांनी अशाच पदार्थाच्या कांड्यांनी घोट्याची मोडलेली हाडे जोडली. पुढे सांधे जखडण्याच्या शस्त्रक्रियेतही या वस्तू वापरल्या गेल्या.

संधिवातात झिजलेला सांधा फार दुखू लागला, तर कधी दोन्ही हाडे एकमेकांना कायमची जोडतात. हाडे जुळेपर्यंतच स्क्रूची गरज असते. धातूचा स्क्रू टोचू लागला तर तो काढायला पुन्हा ऑपरेशन करावे लागते. विरघळणाऱ्याचा फायदा तिथे आहे. पण तो धातूइतका मजबूत नसतो, आणि काहींच्या जखमेतून जंतू नसतानाही पाणी झिरपते. संधिवाताच्या रुग्णाचे हाड मुळातच ठिसूळ असू शकते, म्हणून निवड प्रत्येकाची वेगळी.

आणखी एक गोष्ट डॉक्टरांना आधीच विचारावी. जोडलेला घोटा पुन्हा दुमडत नाही, मग स्क्रू कोणताही असो. अत्तहियातला पूर्वीसारखे बसता येणार नाही. आजाऱ्याला बसून, खुर्चीवर नमाज पढण्याची सवलत दीनने दिलेलीच आहे. वेदना सोसत राहणे म्हणजे इबादत नव्हे. इलाज करून घेण्याची परंपरा आपल्याकडे जहरावींच्याही आधीपासून आहे.