ओव्हलवरचे सत्तावीस तास

1932 ते 1971 या काळात भारतानं इंग्लंडच्या भूमीवर 21 कसोटी सामने खेळले. 15 हरले, 6 अनिर्णित राहिले, एकही जिंकला नाही. बाविसावा सामना 19 ऑगस्ट 1971 रोजी लंडनच्या ओव्हल मैदानावर सुरू झाला. समोर रे इलिंगवर्थचा इंग्लंड संघ होता. त्यांनी त्याच वर्षी ऑस्ट्रेलियात जाऊन अ‍ॅशेस जिंकल्या होत्या, उन्हाळ्याच्या सुरुवातीला पाकिस्तानला हरवलं होतं आणि सलग 26 कसोट्यांत त्यांचा पराभव झाला नव्हता. त्या काळी असा संघ जगात दुसरा नव्हता.

तो संघ पाचव्या दिवशी हरला. ही हार सोमवार, 23 ऑगस्टच्या सकाळी सुरू झाली आणि मंगळवारी दुपारी पुरी झाली. मधल्या सुमारे सत्तावीस तासांचा हा घटनाक्रम.

त्याआधी

सुरुवात थोडी मागून करायला हवी. जानेवारी 1971 मध्ये निवड समितीचे अध्यक्ष विजय मर्चंट यांच्या निर्णायक मतानं पतौडींच्या जागी अजित वाडेकर कर्णधार झाले. त्यांच्या संघानं वेस्ट इंडिजमध्ये जाऊन मालिका 1-0 अशी जिंकली. त्या दौऱ्यात सुनील गावसकरनं 774 आणि दिलीप सरदेसाईनं 642 धावा केल्या. तरी इंग्लंडमध्ये निभाव लागेल असं फार थोड्यांना वाटत होतं.

पहिल्या दोन कसोट्यांनी दोन्ही बाजू दाखवल्या. लॉर्ड्सवर भारताला 183 धावा हव्या होत्या. 8 बाद 145 वर सामना थांबला. मँचेस्टरला मात्र भारत बुडण्याच्या वाटेवर होता. 420 चं लक्ष्य, 3 बाद 65, आणि शेवटचा दिवस पावसानं धुऊन नेला. ओव्हलवर पहिल्याच दिवशी इंग्लंडनं 355 धावा केल्या: अ‍ॅलन नॉट 90, जॉन जेमसन 82, रिचर्ड हटन 81. दुसरा दिवस, शुक्रवार, पूर्ण पावसात गेला. शनिवारी भारत 5 बाद 125 वर सापडला आणि तिथून एकनाथ सोलकर व फारूख इंजिनिअर यांनी 97 धावा जोडल्या. शनिवारअखेर 7 बाद 234. रविवार विश्रांतीचा.

सोमवार, सकाळी 11.30. उरले सुमारे 27 तास.

लंडनमध्ये साडेअकरा, म्हणजे आपल्याकडे दुपारचे चार. महाराष्ट्रात तेव्हा दूरदर्शन नव्हतं; मुंबई केंद्र पुढच्या वर्षी, ऑक्टोबर 1972 मध्ये सुरू झालं. उदाहरण घ्यायचं तर, आज वाशीम जिल्ह्यात असलेलं शिरपूर जैन हे गाव तेव्हा अकोला जिल्ह्यात होतं. नुकताच पोळा होऊन गेलेला, गणपती उद्यावर आलेले, अंतरिक्ष पार्श्वनाथाच्या या गावात पर्युषणाचे दिवस. अशा गावात ओव्हल पोहोचायचं तर रेडिओच्या खरखरीतून, नाहीतर एक-दोन दिवस उशिरा येणाऱ्या वर्तमानपत्रातून.

मैदानावर आबिद अली आणि वेंकटराघवन ही भारताची शेपटाची जोडी उभी होती. शनिवारी संध्याकाळपासून टिकलेल्या या दोघांनी भागीदारी 48 धावांवर नेली. आबिद अली 26, वेंकट 24. भारत सर्वबाद 284. इलिंगवर्थनं 70 धावांत 5 बळी घेतले.

इंग्लंडची आघाडी 71. धावफलक पाहणाऱ्या कुणालाही सामना इंग्लंडच्या हातात दिसला असता. पण हीच आघाडी सव्वाशेची होऊ शकली असती, आणि तशी झाली असती तर पुढचं काहीच घडलं नसतं. या दिवसाबद्दल बोलताना चंद्रशेखरचं नाव पहिलं येतं, ते योग्यच आहे. पण दिवसाचा पाया सकाळच्या त्या धावांनी घातला, हे आवर्जून सांगायला हवं.

सोमवार, उपाहाराआधीची षटकं

इंग्लंडचा दुसरा डाव जेमसन आणि ब्रायन लकहर्स्ट यांनी सुरू केला. वाडेकरांनी चेंडू लवकरच भागवत चंद्रशेखरच्या हाती दिला.

म्हैसूर संस्थानात जन्मलेल्या चंद्रशेखरचा उजवा हात लहानपणी पोलिओनं दुबळा झाला होता. चेंडू फेकायचा तर तो डावा हात वापरी. गोलंदाजी मात्र त्याच उजव्या, बारीक झालेल्या हातानं. मनगटाला असा झटका बसे की लेगस्पिनरच्या हातून मध्यमगती गोलंदाजाच्या वेगानं चेंडू येई. वेस्ट इंडिजच्या दौऱ्यात त्याला स्थान नव्हतं. इंग्लंडला नेलं, तेही धोका पत्करून.

धावफलकावर 23. लकहर्स्टनं चेंडू सरळ परत मारला. तो चंद्रशेखरच्या हाताला लागून दुसऱ्या टोकाच्या यष्ट्यांवर आदळला आणि क्रीझ सोडून पुढे आलेला जेमसन धावबाद झाला. हा पहिला बळी नशिबानं दिला.

दुसरा नशिबाचा नव्हता. जॉन एड्रिच समोर आला तेव्हा सरदेसाईनं चंद्रशेखरला ‘मिल रीफ’ टाकायला सांगितलं. मिल रीफ हा त्या वर्षीची डर्बी जिंकलेला घोडा. खेळाडूंच्या भाषेत त्याचा अर्थ, तुझा सर्वांत वेगवान चेंडू. एड्रिचची बॅट खाली येईपर्यंत यष्टी गेली होती. पुढच्याच चेंडूवर कीथ फ्लेचरचा झेल फॉरवर्ड शॉर्ट लेगला सोलकरनं घेतला.

सोमवार, दुपारी 1.30. उरले सुमारे 25 तास.

उपाहार. इंग्लंड 3 बाद 24. आपल्याकडे संध्याकाळचे सहा.

एकूण आघाडी 95 झाली होती. डॉलिव्हेरा, नॉट, इलिंगवर्थ, हटन यायचे बाकी होते. पहिल्या डावात नॉट आणि हटन यांनीच शतकी भागीदारी केली होती. अशा अडचणीतून बाहेर पडण्याची सवय असलेला हा संघ होता, म्हणूनच तो 26 सामने हरला नव्हता. इंग्लंडच्या प्रेक्षकांनी या घडीला भीती बाळगायचं काही कारण नव्हतं.

सोमवार, दुपारी 2.10 नंतर. उरले साडेचोवीस तास.

खेळ पुन्हा सुरू झाला आणि फास आवळत गेला. वाडेकरांची योजना साधी होती: दोन्ही टोकांनी फिरकी, फलंदाजाभोवती क्षेत्ररक्षकांचं कडं, आणि धाव द्यायची नाही. एका बाजूनं वेंकटराघवनची शिस्तबद्ध ऑफस्पिन, दुसऱ्या बाजूनं चंद्रशेखर.

धावफलक 49: डॉलिव्हेरा 17 वर बाद. बदली खेळाडू जयंतीलालनं वेंकटच्या चेंडूवर झेल घेतला.

धावफलक 54: नॉट. पहिल्या डावात 90 धावा करणारा, भारताला सर्वांत जास्त सतावणारा फलंदाज. वेंकटचा चेंडू त्यानं बचावला, तो फॉरवर्ड शॉर्ट लेगच्या पुढ्यात क्षणभर हवेत राहिला, आणि सोलकरनं पुढे झेप घेऊन जमिनीलगत तो टिपला.

या झेलापाशी थांबायलाच हवं. एकनाथ सोलकर हा मुंबईच्या हिंदू जिमखान्याच्या माळ्याचा मुलगा. मैदानाच्या कडेच्या खोलीत वाढला, तिथंच मोठ्यांचा खेळ बघत शिकला. हेल्मेट नव्हतं, पॅड नव्हते, आणि फलंदाजाच्या बॅटपासून हातभर अंतरावर तो उभा राही. 27 कसोट्यांत त्यानं 53 झेल घेतले. चंद्रशेखर, बेदी, वेंकट, प्रसन्ना यांच्या फिरकीला जे यश मिळालं, त्यात या उभं राहण्याचा वाटा मोठा आहे. धावफलकावर झेल घेणाऱ्याचं नाव छोट्या अक्षरात येतं. ओव्हलवर ते मोठ्या अक्षरात लिहायला हवं होतं.

धावफलक 65: इलिंगवर्थनं चंद्रशेखरच्याच हातात झेल दिला. कर्णधार गेला.

धावफलक 72: एका बाजूनं टिकून राहिलेला लकहर्स्ट 33 वर वेंकटच्या हाती झेल देऊन बाद. त्याच धावसंख्येवर जॉन स्नो, पुन्हा गोलंदाजाच्याच हाती. 8 बाद 72.

हटन आणि अंडरवूड यांनी 24 धावा जोडल्या. वाडेकरांनी बेदीला आणलं आणि अंडरवूडचा झेल अशोक मांकडनं घेतला. शेवटी प्राइस पायचीत.

इंग्लंड सर्वबाद 101. चंद्रशेखर 18.1 षटकं, 38 धावा, 6 बळी. 2002 मध्ये विस्डेन या क्रिकेट वार्षिकानं भारतीय गोलंदाजाची शतकातली सर्वोत्तम कामगिरी म्हणून हीच निवडली.

सोमवार, संध्याकाळी 6.30. उरले सुमारे 20 तास.

विजयासाठी 173. आकडा छोटा, पण वाट सोपी नव्हती. 2 धावा झाल्या असताना गावसकर शून्यावर पायचीत झाला, स्नोच्या चेंडूवर. हाच तो स्नो, लॉर्ड्सवर धाव घेताना ज्यानं गावसकरला खांदा मारून पाडलं होतं आणि त्यासाठी ज्याला पुढच्या कसोटीतून वगळलं गेलं होतं. 37 वर मांकड गेला. वाडेकर आणि सरदेसाई यांनी उरलेला दिवस खेळून काढला.

खेळ थांबला तेव्हा 2 बाद 76. वाडेकर 45 वर नाबाद. आणखी 97 धावा हव्या. आपल्याकडे रात्रीचे अकरा वाजले होते.

मंगळवार, सकाळ. उरले तीन तास.

24 ऑगस्ट, गणेश चतुर्थी. लंडनमधल्या भारतीय चाहत्यांनी चेसिंग्टनच्या प्राणिसंग्रहालयातून बेला नावाची हत्तीण आणून मैदानात फिरवली.

आणि सकाळी धावफलकावर एकही धाव वाढण्याआधी वाडेकर धावबाद झाले. डॉलिव्हेराची फेक अचूक आली. 3 बाद 76. भारतीय संघाचा यापूर्वीचा इतिहास पाहिला तर इथून डाव घसरायचा. कर्णधार गेला की बाकीचे घाबरायचे, हे अनेकदा झालेलं होतं.

या वेळी तसं झालं नाही. सरदेसाई, मूळचा गोव्यातल्या मडगावचा, आणि विश्वनाथ यांनी घाई केली नाही. एकेरी धावा, सरळ बॅट, सोडलेले चेंडू. इलिंगवर्थनं त्या डावात 36 षटकं टाकली, फक्त 40 धावा दिल्या आणि त्याला एकही बळी मिळाला नाही. हा आकडा भारताच्या फलंदाजीचं वर्णन करायला पुरेसा आहे. 124 वर सरदेसाई 40 धावा करून गेला. 134 वर सोलकर अंडरवूडच्याच हाती झेल देऊन बाद. 5 बाद 134. पुन्हा श्वास अडकला.

मंगळवार, दुपार. शेवटचा अर्धा तास.

इंजिनिअर आला. तो लँकेशायरकडून काउंटी क्रिकेट खेळत असे. या खेळपट्ट्या आणि हे गोलंदाज त्याला ठाऊक होते. त्यानं खेळायला सुरुवात केली तशा धावा सुटल्या. उपाहारानंतर अंतर झपाट्यानं कमी झालं. 170 वर, विजयाला तीन धावा कमी असताना, विश्वनाथ 33 वर बाद झाला.

आबिद अली आला. सोमवारी सकाळी शेपूट लांबवणारा तोच. लकहर्स्टचा चेंडू त्यानं कट करून सीमेकडे धाडला आणि चेंडू पोहोचण्याआधीच प्रेक्षक मैदानात धावले. भारत 6 बाद 174, इंजिनिअर नाबाद 28. 101 षटकांत 174 धावा.

ड्रेसिंग रूममध्ये वाडेकर झोपी गेले होते. इंग्लंडचे माजी फलंदाज केन बॅरिंग्टन यांनी त्यांना उठवून विजयाची बातमी दिली. आपल्याकडे संध्याकाळचे सातच्या आसपास झाले होते. घराघरांत गणपतीची आरती होण्याची वेळ.

नंतर

जागतिक खेळात असे धक्के मोजकेच. 29 जून 1950 रोजी बेलो होरिझोंते इथं अमेरिकेच्या बहुतांशी अर्धव्यावसायिक फुटबॉलपटूंनी इंग्लंडला 1-0 असं हरवलं. 1966 मध्ये उत्तर कोरियानं इटलीला विश्वचषकाबाहेर काढलं. ते एका गोलाचे सामने होते. पाच दिवसांच्या कसोटीत एका क्षणाच्या भाग्यावर जिंकता येत नाही. बलाढ्य संघाला सावरायला तिथं वेळ असतो. म्हणून ओव्हलचा विजय मला त्या दोन्हींहून वजनदार वाटतो.

पावसानं मँचेस्टरला भारताला वाचवलं, जेमसनचा बळी नशिबानं दिला, हे खरं आहे आणि ते मान्य करायलाच हवं. पण नशीब 71 धावांच्या आघाडीपर्यंत अंतर कमी करून देत नाही, शॉर्ट लेगला निधड्या छातीनं उभं करत नाही आणि कर्णधार पहिल्याच षटकांत बाद झाल्यावर उरलेल्या 97 धावा चिकाटीनं जमवून देत नाही. ते काम त्या अकरा जणांनी केलं. त्यांपैकी गावसकर, मांकड, वाडेकर, सरदेसाई, सोलकर आणि इंजिनिअर असे सहा जण मुंबईचे होते.

हे यश टिकवणं किती अवघड होतं, तेही इतिहासात आहे. तीनच वर्षांनी, 1974 मध्ये, लॉर्ड्सवर भारत 42 धावांत गडगडला आणि मालिका 3-0 अशी गेली. संघ बराचसा तोच होता, चाहत्यांनी मात्र वाडेकरांच्या घरावर दगड मारले. इंग्लंडमध्ये पुढचा कसोटी विजय 1986 मध्ये आला. वाडेकर 15 ऑगस्ट 2018 रोजी गेले, सोलकर त्याआधी 2005 मध्ये.

शिरपूर जैनसारख्या गावात आज मुलांच्या हातात मोबाइल आहे आणि 1983 चा चषक, 2011 चा चषक, सगळं त्यांना तोंडपाठ असतं. त्यांना ओव्हलचीही गोष्ट सांगा. आणि सांगताना 38 धावांत 6 बळींबरोबर सोमवारी सकाळची ती 48 धावांची भागीदारीही सांगा. बलाढ्य संघाला हरवण्याची तयारी नेहमी तिथंच होते, जिथं हरलेला डाव कुणीतरी आणखी तासभर सोडत नाही.