दात नव्हे, हिरडीची कड

मुलांना आपण विचारतो, ‘दात घासलेस का?’ हिरड्यांचं कोण विचारतं?

अमेरिकेतल्या ब्रिजपोर्टला १९१३ साली डेंटल हायजिनिस्टचं पहिलं विद्यालय काढणाऱ्या डॉ. आल्फ्रेड फोन्स यांनी ब्रश गोल गोल फिरवायला शिकवलं. लहानग्यांना ते जमतं, म्हणून आजही शिकवतात.

पण मोठ्यांचे दात हलतात ते बहुधा हिरड्यांपायी. न्यू ऑर्लिन्सचे डॉ. चार्ल्स बास मूळचे हिवतापाचे अभ्यासक, दंतवैद्य नव्हेतच! निवृत्तीनंतर ते दातांकडे वळले. हिरडीच्या कडेखाली साचणारा थर निघायला हवा, हे त्यांनी हेरलं. १९५४ च्या लेखात त्यांनी पद्धत सांगितली: मऊ ब्रश ४५ अंशांत हिरडीच्या कडेला टेकवायचा, जागच्या जागी हलकेच हलवायचा. राखुंडीनं खसाखसा दात घासणाऱ्या आपल्या आजोबांना हे घासणं वाटलंच नसतं.