प्रसूतिसाहाय्याचा भार कोणावर? : मुंबई कायद्याचा एक तौलनिक विचार

औद्योगिक कायद्यांच्या इतिहासात प्रसूतिसाहाय्याचा विचार बहुधा रजेच्या आठवड्यांच्या संख्येवरून केला जातो. परंतु निरनिराळ्या देशांतील या कायद्यांचे खरे स्वरूप समजून घ्यावयाचे असेल, तर त्या रजेचा खर्च कोणी सोसला हा प्रश्न प्रथम विचारणे अगत्याचे आहे.

आरंभीच्या कायद्यांनी विश्रांतीची सक्ती केली. निर्वाहाची सोय मात्र केली नाही. स्वित्झर्लंडच्या १८७७ च्या कारखाना कायद्याने प्रसूतीच्या आगेमागे मिळून आठ आठवडे काम निषिद्ध ठरविले. इंग्लंडने १८९१ मध्ये प्रसूतीनंतरच्या चार आठवड्यांपुरता तसाच निर्बंध घातला. दोन्ही ठिकाणी या काळातील वेतनाची हमी नव्हती; त्यामुळे गरीब स्त्रीला ही विश्रांती म्हणजे सक्तीची बेकारीच होय. जर्मनीने १८८३ च्या आजार-विमा कायद्यात प्रसूतीनंतरच्या साहाय्याचा अंतर्भाव करून निराळा मार्ग दाखविला. इंग्लंडनेही १९११ च्या राष्ट्रीय विमा कायद्यान्वये ३० शिलिंगांचे साहाय्य सुरू केले आणि १९१३ च्या दुरुस्तीने ती रक्कम मातेच्याच मालकीची ठरविली.

१९१९ साली वॉशिंग्टन येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय श्रम परिषदेने बारा आठवड्यांची रजा, सरकारी निधीतून अथवा विम्यातून निर्वाहवेतन आणि डॉक्टर किंवा सुईण यांची विनामूल्य मदत, असा आदर्श घालून दिला. हिंदुस्थान सरकारला मात्र या प्रश्नाची पाहणी करून अहवाल देण्यासच सांगण्यात आले. मुंबईच्या गिरण्यांतील स्त्री कामगारांच्या प्रसूतीविषयी डॉ. बार्न्स यांनी केलेली पाहणी १९२२ साली प्रसिद्ध झाली. ना. म. जोशी यांनी १९२४ मध्ये मध्यवर्ती विधिमंडळात मांडलेले विधेयक संमत झाले नाही.

मुंबई विधिमंडळात हा विषय १९२८ मध्ये आला, तेव्हा डॉ. आंबेडकरांनी विधेयकास पाठिंबा दिला. मातेची विश्रांती हे राष्ट्रहिताचे कार्य असल्याने हा भार मुख्यतः सरकारने उचलावा, हे त्यांनी मान्य केले. तथापि स्त्रियांच्या श्रमाचा लाभ घेणाऱ्या मालकास त्यातून सर्वस्वी मुक्त करता येणार नाही, अशी त्यांची भूमिका होती. १९२९ चा कायदा झाला तो मालकाच्याच दायित्वावर. प्रसूतीपूर्वी तीन व नंतर चार अशा सात आठवड्यांपर्यंत दिवसाला ८ आणे देण्याची त्यात तरतूद होती. सुईण वा डॉक्टर यांची सोय त्यात नव्हती.

येथेच या कायद्याचे सामर्थ्य व मर्यादा एकत्र दिसतात. विम्याची यंत्रणा उभी राहण्याची वाट न पाहता स्त्री कामगाराला हक्काचे पैसे मिळाले, ही गोष्ट लहान नव्हे. परंतु विम्यात खर्च सर्वांवर विभागला जातो. मालकाच्या दायित्वात तो जो स्त्रियांना कामावर ठेवील त्याच्यावरच पडतो. साहजिकच स्त्रीला कामावर न घेणे हाच काटकसरीचा उपाय ठरण्याचा धोका निर्माण होतो. पुढील दशकांत मुंबईच्या गिरण्यांतील स्त्रियांचे प्रमाण घटले. त्याचे खापर केवळ या कायद्यावर फोडणे योग्य होणार नाही. रात्रपाळीवरील बंदी आणि सूत गुंडाळण्याच्या खात्यांतील यांत्रिक फेरबदल हीही त्याची कारणे होत. तरीही मालकाच्या हिशेबात हा कायदा एक बाब होऊन बसला, हे नाकारता येत नाही.

१९४८ च्या कर्मचारी राज्य विमा कायद्याने विम्याचे तत्त्व आपल्याकडेही आणले. त्याच्या कक्षेबाहेरील स्त्रियांसाठी मात्र १९६१ च्या कायद्याने मालकाचेच दायित्व कायम केले. २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी रजा बारा आठवड्यांवरून सव्वीस आठवड्यांवर नेली. खर्चाची विभागणी मात्र तशीच राहिली. याउलट अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत १९९३ च्या कायद्याने दिलेली बारा आठवड्यांची रजा बिनपगारी आहे.

सारांश, केवळ आठवडे मोजले तर भारत अनेक संपन्न देशांच्या पुढे दिसतो. परंतु शेतमजूर, घरकामगार व विडी वळणारी स्त्री यांपैकी किती जणींना दायित्व स्वीकारणारा मालक दाखविता येईल, हे पाहिल्यास त्या मोजणीचे अपुरेपण ध्यानात येते. १९२८ साली सरकारच्या वाट्याविषयी जो प्रश्न उपस्थित झाला, त्याचे उत्तर या स्त्रियांच्या बाबतीत अद्याप पुरतेपणी दिले गेलेले नाही.