न दिसणाऱ्या जखमेचा हिशेब

आपल्या कोल्हापूर भागात फौजेत माणूस न गेलेले गाव विरळाच. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियातील कुत येथे १०३ व ११० क्रमांकाच्या मराठा पलटणी डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत वेढ्यात उपासमार सोसत लढल्या. मेलेल्यांची नावे दगडावर कोरली गेली, हातपाय गमावलेले लोकांना दिसले. पण धड अंगाने घरी आलेला आणि रात्री किंचाळत उठणारा शिपाई कोणत्या रकान्यात मांडायचा?

फेब्रुवारी १९१५ मध्ये डॉक्टर चार्ल्स मायर्स यांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय पत्रात या दुखण्याला 'शेल-शॉक' असे नाव छापले. ब्रिटिश लष्कराने लगेच त्याची वाटणी केली. शत्रूच्या स्फोटाने झाले असेल तर 'डब्ल्यू', म्हणजे जखमी. नाहीतर 'एस', म्हणजे नुसता आजारी. जखमीला बाहीवर मानाची पट्टी. आजाऱ्याला ती नाही. एका अक्षरावर माणसाची अब्रू ठरे!

उपचारांतही भेद होताच. स्कॉटलंडच्या क्रेगलॉकहार्ट रुग्णालयात डॉक्टर रिव्हर्स अधिकाऱ्यांना जवळ बसवून त्यांचे दुःख बोलते करीत. लंडनमध्ये डॉक्टर यीलँड मुक्या झालेल्या साध्या शिपायाच्या घशाला विजेचे झटके देत. हिंदी शिपायाच्या वाट्याला तर आधी संशय आला. हाताची जखम त्याने स्वतःच करून घेतली असावी, ही कुजबूज होती. ब्रायटनच्या किचनर रुग्णालयाचे प्रमुख कर्नल सीटन यांनी १००० जखमी तपासले. संशयाला आधार मिळाला नाही.

हे आम्ही का सांगतो? एका कारखान्यात आमचा एक सोबती यंत्रात सापडून गेला. शेजारी उभ्या असलेल्या कामगाराला खरचटलेही नाही. पण पुढे यंत्र सुरू झाले की त्याचे हात थरथरत. भरपाईच्या अर्जात प्रश्न होता : कोणता अवयव निकामी झाला? आम्ही लेखणी हातात धरून बसलो, उत्तर सुचेना. मालकाचा माणूस म्हणाला, "सोंग आहे."

भेकडपणा, पळून जाणे अशा आरोपांखाली गोळ्या घातलेल्या ब्रिटन व वसाहतींच्या ३०६ सैनिकांना २००६ साली माफी मिळाली. मेलेल्याला न्याय द्यायला नव्वद वर्षे लागली. जिवंत माणसाला तेवढी सवड नसते. म्हणून अर्जात एक रकाना वाढवा, एवढीच आमची मागणी आहे.