ताटातून आलेले वेड

मनाच्या आजाराची कारणे आपण बहुधा मनातच शोधतो. मोठा धक्का, दुःख, नाहीतर घराण्यातच असलेला दोष! विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या दक्षिण भागातल्या मनोरुग्णालयांत ज्या एका आजाराचे रुग्ण वाढू लागले, त्याचे कारण मात्र ताटात होते. तो आजार म्हणजे पेलाग्रा.

स्पेनमध्ये गास्पार कासाल या वैद्याने १७३५ मध्ये त्याची नोंद केली होती. उन्हात उघड्या राहणाऱ्या कातडीवर लाल चट्टे उठत, जुलाब होत. रुग्ण खिन्न आणि चिडचिडा होई, त्याची झोप उडे. पुढे त्याला भ्रम होत, स्मृती जाई. हे रुग्ण बहुतेक गरीब, मक्यावर जगणारे असत.

१९१४ मध्ये अमेरिकी सरकारने डॉ. जोसेफ गोल्डबर्गर यांना या कामावर नेमले. तेव्हा अनेक तज्ज्ञ पेलाग्राला संसर्गजन्य मानत. गोल्डबर्गर यांना मनोरुग्णालयांत आणि अनाथालयांत एक विचित्र गोष्ट दिसली. आजार आत राहणाऱ्यांना होई. त्यांची शुश्रूषा करणाऱ्यांना होत नसे. संसर्ग माणूस पाहून कसा होईल? फरक होता तो जेवणात. चांगलेचुंगले सेवकांना मिळे, रुग्णांच्या वाट्याला मका, काकवी आणि डुकराची चरबी.

मग त्यांनी जॉर्जियातील मनोरुग्णालयाच्या दोन विभागांत दूध, अंडी, मांस आणि कडधान्ये सुरू केली. तेथे पेलाग्रा उलटला नाही. १९१५ मध्ये मिसिसिपीत शिक्षामाफीच्या बदल्यात ११ निरोगी कैदी निकृष्ट आहार घ्यायला तयार झाले. काही महिन्यांत सहा जणांना पेलाग्रा झाला. आज असा प्रयोग नीतीला धरून मानला जाणार नाही. तरीही विरोधक ऐकेनात, तेव्हा १९१६ मध्ये गोल्डबर्गर, त्यांची पत्नी व सहकारी यांनी रुग्णांचे रक्त स्वतःला टोचून घेतले. कोणालाही आजार झाला नाही.

गोल्डबर्गर १९२९ मध्ये वारले. हरवलेला दुवा १९३७ मध्ये कॉनराड एल्व्हेहेम यांना सापडला: निकोटिनिक आम्ल, म्हणजेच नायसिन हे जीवनसत्त्व. ते दिल्यावर भ्रमिष्ट रुग्ण काही दिवसांत शुद्धीवर येऊ लागले.

मक्यात नायसिन असते, पण ते बांधलेले असल्याने शरीराला मिळत नाही. मेक्सिकोतले लोक मका चुन्याच्या पाण्यात शिजवतात, त्याने ते सुटे होते. शरीर ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लापासूनही नायसिन बनवते. मक्यात तेही कमीच. मेंदूतले सेरोटोनिनही याच ट्रिप्टोफॅनपासून तयार होते.

आपल्याकडे हैदराबादच्या परिसरात पेलाग्रा आढळला तो ज्वारीवर जगणाऱ्या गरिबांत. ज्वारीतल्या जास्त ल्यूसिनचा त्याच्याशी संबंध असावा, असे डॉ. गोपालन आणि डॉ. श्रीकांतिया यांनी १९६० मध्ये मांडले. म्हणून भाकरीला दोष द्यायला नको. भाकरीबरोबर डाळ आणि दूध मिळाले, तर ती भाकरी चांगलीच.

प्रत्येक औदासीन्य आहारातून येते, असे यावरून ठरत नाही. पण वर्गातल्या एखाद्या मुलाला आपण ‘मंद’ किंवा ‘चिडका’ म्हणतो, तेव्हा गोल्डबर्गर यांच्यासारखे आधी एवढे विचारायला हवे: हे मूल आज काय जेवले आहे?