कामाच्या फोनवर ताबा कुणाचा? ॲप कोण टाकतं, कोण काढतं, आणि आपल्या हातात काय राहतं

बदलापूर : हेंद्रेपाड्यातून रोज सकाळी लोकल धरून ठाण्या-मुंबईला जाणारे असोत, बदलापूर-अंबरनाथच्या एमआयडीसीत कामाला असलेले असोत, की तालुक्यातल्या पाड्यांवर काम करणाऱ्या अंगणवाडीताई, आता बहुतेकांच्या हातात कामाचा एक फोन असतोच. काहींना तो ऑफिस देतं, काहींच्या स्वतःच्याच फोनवर ऑफिसचं ॲप टाकलं जातं. हे दोन प्रकार एक नव्हेत, आणि गोंधळ इथूनच सुरू होतो.

फोन ऑफिसचा असेल तर तो पहिल्यांदा चालू करतानाच बहुधा क्यूआर कोड स्कॅन करून ऑफिसच्या सर्व्हरला जोडलेला असतो. या पद्धतीला मोबाइल डिव्हाइस मॅनेजमेंट, थोडक्यात एमडीएम म्हणतात. असा फोन जोडला की मुख्य कार्यालयात बसलेला माणूस शंभर फोनवर एकाच वेळी ॲप टाकू शकतो, नको ते काढू शकतो, प्ले स्टोअरमध्ये ठराविक ॲपच दिसतील असं करू शकतो. फोन हरवला तर लांबूनच पुसूनही टाकता येतो. सेटिंगमध्ये ‘हे डिव्हाइस तुमच्या संस्थेच्या मालकीचं आहे’ अशा अर्थाची ओळ दिसली की समजायचं, मालक वेगळा आहे. त्यात लग्नाचे फोटो, बँकेचं ॲप ठेवू नये. लोकेशनही ऑफिसला कळू शकतं.

फोन आपला असेल तर गोष्ट बरी आहे. ॲण्ड्रॉइडमध्ये ‘वर्क प्रोफाइल’ नावाची सोय आहे. ऑफिसच्या ॲपवर छोट्या ब्रीफकेसचं चिन्ह येतं. ती ॲप एका बाजूला, आपली दुसऱ्या बाजूला. ऑफिसला त्यांच्या कप्प्यातलं दिसतं. आपले फोटो, आपलं व्हॉट्सॲप दिसत नाही. नोकरी सोडली की सेटिंगमध्ये जाऊन तो कप्पा काढून टाकता येतो, तेव्हा फक्त ऑफिसचाच माल जातो. पण काही कंपन्या अजून जुन्या पद्धतीने ‘डिव्हाइस ॲडमिन’ची परवानगी मागतात. ती दिली तर अख्खा फोन पुसण्याचा अधिकार देऊन बसण्याची वेळ येऊ शकते. म्हणून ॲप टाकताना साहेबांना सरळ विचारावं, वर्क प्रोफाइल आहे की पूर्ण फोनचा ताबा? विचारण्यात लाज कसली, फोन आपल्या पैशाचा आहे.

महाराष्ट्रात या विषयावर सगळ्यात मोठा वाद झाला तो अंगणवाडीच्या फोनवरून. पोषण अभियान मार्च २०१८ मध्ये सुरू झालं, त्यानंतर राज्यातल्या अंगणवाडी सेविकांना सरकारी फोन मिळाले. आधीचं ॲप जाऊन १ मार्च २०२१ ला पोषण ट्रॅकर आलं. फोनची रॅम अवघी २ जीबी, ॲप जड, तापणारा फोन, दुरुस्तीचा खर्च ताईंच्या माथी, वर ॲप इंग्रजीत, अशा तक्रारी झाल्या. ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यभरातल्या सेविकांनी सरकारी फोन कार्यालयात परत नेऊन दिले. ॲप मुंबई-दिल्लीतून बदलतं, पण ते ज्या फोनवर चालायचं तो फोन पाड्यावर असतो, हे त्या वेळी सगळ्यांना दिसलं. ॲप सक्तीचं करायचं तर ते चालेल असा फोन देणं आणि दुरुस्तीची जबाबदारी घेणं हेही त्याच खात्याचं काम आहे.

पावसाळ्यात उल्हास नदी फुगली की हेंद्रेपाड्याच्या सखल भागात पाणी शिरतं. त्यात फोन भिजला तर सर्व्हरवर न गेलेली नोंद गेली म्हणायची. रेंज नसताना भरलेली माहिती फोनमध्येच अडकून असते. म्हणून रेंज मिळताच ॲप उघडून माहिती वर गेली का ते पाहावं. मोठं अपडेट कामाच्या वेळी न करता रात्री चार्जिंगला लावून करावं.

ऑफिसच्या कॉम्प्युटरवर कुठलंही सॉफ्टवेअर टाकायला गेलं की ॲडमिनचा पासवर्ड मागतो, ही अडवणूक वाटते खरी. पण व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका, आरटीओ चलन, पीएम किसान अशा नावाने एपीके फाइल येतात, त्या उघडून अनेकांची खाती रिकामी झाली आहेत. कामाच्या फोनवर प्ले स्टोअरबाहेरचं ॲप बंद ठेवण्याचं मुख्य कारण हेच. स्वतःच्या फोनवरही ‘अनोळखी ॲप’ची परवानगी बंदच ठेवावी. पैसे गेलेच तर लगेच १९३० ला फोन करावा, उशीर झाला तर पैसे अडवणं अवघड. मात्र कॉम्प्युटरवर पडदा टिपणारं वेगळं सॉफ्टवेअरही असू शकतं, तेव्हा ऑफिसच्या मशीनवर घरचे व्यवहार नकोत.

जुना फोन घेणाऱ्यांनी जास्त जपावं. कंपनीचा किंवा हप्त्यावर घेतलेला फोन विकायला आलेला असतो. त्यात कंपनीचं किंवा फायनान्सवाल्याचं कुलूप असेल तर रिसेट करूनही ते परत येऊ शकतं, आणि हप्ता थकलेला असला तर फोन बंद पडू शकतो. पैसे देण्याआधी विकणाऱ्यासमोरच फोन पूर्ण रिसेट करा, इंटरनेट जोडा आणि पहिल्या स्क्रीनपर्यंत सेटअप करून बघा. मध्येच संस्थेचं नाव किंवा जुन्या माणसाचं गुगल खातं मागितलं तर फोन परत द्या. *#०६# दाबून आयएमईआय नंबर काढा आणि संचार साथीवर तपासा, किंवा केवायएम लिहून पुढे जागा सोडून तो नंबर १४४२२ वर एसएमएस करा.

नोकरी सोडून फोन परत करताना आधी आपलं गुगल खातं काढावं, कामाची पोच लेखी घ्यावी. खातं तसंच ठेवून रिसेट केलं तर फोन पुढच्या माणसाकडे तुमचा पासवर्ड मागत बसू शकतो, आणि मग ऑफिसातून फोन तुम्हालाच येतो.